वाटेची वही

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कळसूबाई आणि रतनगड यांच्या मधल्या खोऱ्यात, प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण आहे. १९२६ साली ते पुरं झालं. धरणाच्या पाण्याला वळसा घालणारा एक रस्ता शेंडीहून निघतो आणि मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर करत पुन्हा शेंडीला येतो. त्याला जागोजागी वाड्यांकडे जाणारे फाटे फुटतात. मोठा रस्ता डांबरी आहे. फाटे मात्र कुठं खडीचे, कुठं मुरमाचे, आणि शेवटी शेवटी भातखाचरांच्या बांधालगतची नुसती गाडीवाट. जूनमध्ये पाऊस लागला की इथं दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. डांबर शेवाळतं, खडी उघडी पडते आणि गाडीवाटेचा चिखल होतो.

या भागात दोन भाऊ राहत. दोघांत मिळून एक बोलेरो होती. सकाळी थोरला शेंडीहून राजूरला किंवा घोटीला प्रवासी नेई. दुपारनंतर तीच गाडी धाकटा घेई आणि धरणाच्या मागच्या वाड्यांवर जाई. किराणा, खताच्या गोण्या, शाळेची पोरं, दवाखान्यात न्यायची माणसं, असं सगळं त्याच्या गाडीत असे. मेअखेरीस काजवे बघायला शहरातून माणसं येत, तेव्हा रात्रीच्याही फेऱ्या होत.

त्यांच्या आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण हिशेब चोख होता. रोज रात्री जेवणं झाली की ती दोघांना समोर बसवी. आज कुठून कुठं गेलात, कोण कोण होतं, किती आले, किती गेले, असं विचारी. थोरल्याची मुलगी ते सगळं वहीत लिहून काढी. गाडी घेतली त्या दिवसापासून एक रात्र चुकली नव्हती.

एका मे महिन्यात गाडीचे टायर संपले. टायरच्या खाचेत मधूनमधून एक बारीक उंचवटा असतो. नक्षी झिजून १.६ मिलिमीटर उरली की तो उंचवटा नक्षीच्या बरोबरीला येतो. मग तो टायर रस्त्यावर ठेवू नये, असा त्याचा अर्थ. दोन चाकांवर तो बरोबरीला आला होता, बाकीची दोन त्याच वाटेवर होती. पावसाआधी चारही बदलायला हवेत, यावर भावांचं एकमत होतं. कोणते घ्यायचे, यावर मात्र दोघांचं जुळेना.

थोरला म्हणाला, “साधे रोडचे टायर टाकू. स्वस्त पडतात, डिझेल कमी लागतं, प्रवाशाला आवाज येत नाही. आपली गाडी चालते ती डांबरावर.”

धाकटा म्हणाला, “दादा, बटण टायर टाकायचे. तेही एक माप रुंद. गेल्या श्रावणात काय झालं ते तू बघितलं नाहीस, मी बघितलंय.”

गेल्या श्रावणात धरणाच्या मागच्या एका वाडीवरून बाळंतपणाची बाई आणायला धाकटा गेला होता. वाडीच्या अलीकडं एक ओढा आहे. परत येताना ओढ्याच्या काठच्या चिखलात गाडीची मागची चाकं रुतली ती निघेनात. बाईला डोलीत घालून माणसांनी डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तिथून दुसरी गाडी मिळाली. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप राहिली. बोलेरो दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. गाडीत बसलेल्या त्या बाईचं कण्हणं आणि चिखलात जागेवर फिरणारी चाकं धाकट्याच्या मनातून जात नव्हती. टायर म्हटलं की त्याला ती रात्रच दिसे.

चार दिवस हाच वाद चालला. पाचव्या दिवशी आई म्हणाली, “तुम्ही दोघं टायरचं बोलता, वाटेचं कुणीच बोलत नाही. राजूरला तात्यांकडं जा. पोरीला न्या. आणि वही न्या.”

तात्यांचं टायरचं दुकान राजूरच्या बाजाराच्या तोंडाशी होतं. त्यांनी उभा जन्म चाकं उतरवण्यात आणि चढवण्यात घालवला होता. दोघांचं म्हणणं ऐकून त्यांनी विचारलं, “गाडी कुठं चालते?”

“राजूर-घोटी रोडनं,” थोरला म्हणाला.

“वाड्यांवर,” धाकटा म्हणाला.

“गाडी एक आणि उत्तरं दोन. बसा,” तात्या म्हणाले. त्यांनी आतून तीन टायर आणून शेजारी शेजारी उभे केले.

पहिल्यावर हात ठेवून ते म्हणाले, “हा रोडचा. खाचा अरुंद आहेत, त्यामुळं जमिनीला रबर भरपूर टेकतं. डांबरावर गुपचूप चालतो, हलका फिरतो, ओल्या रस्त्यावर धरून राहतो. पण चिखलात याच्या खाचा भरल्या की रिकाम्या होत नाहीत. मग नक्षी असून नसल्यासारखी. शिवाय साइड पातळ. धारदार डबर साइडला लागली आणि ती फाटली, तर तिला पंक्चर काढता येत नाही. मधल्या पट्ट्याचं भोक बुजवता येतं, साइड फाटली की टायर गेला.”

मग त्यांनी दुसरा पुढं घेतला. “हा बटणांचा. ठोकळे मोठे, खाचा एवढ्या की बोटं आत जातात. चाक फिरताना यातला चिखल बाहेर फेकला जातो, आणि चिखलात हाच कामाचा. पण डांबरावर याचं रबर किती टेकतं ते बघ. रस्ता ओला असला की डांबर आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो तोडायला ठोकळ्यांवर बारीक चिरा लागतात, त्या याच्यावर फार थोड्या. ब्रेक मारलास तर गाडी थांबेल, पण लांब जाऊन थांबेल. वजनाला जड, डिझेल जास्त, कानाला घरघर. आणि रोज डांबरावर पळवलास तर ठोकळे वेडेवाकडे झिजतात, मग घरघर आणखी वाढते.”

“आणि हा तिसरा?” मुलीनं विचारलं.

“याला एटी म्हणतात. डांबर आणि कच्ची वाट, दोन्हींसाठी. खाचा रोडच्या टायरपेक्षा रुंद, बटणापेक्षा अरुंद. ठोकळ्यांवर चिरा आहेत, खांद्याचे ठोकळे जरा बाहेर आलेत, साइडला जाडी आहे. हा सगळी कामं करतो, पण डांबरावर पहिल्याइतका चांगला नाही आणि चिखलात दुसऱ्याइतका नाही. त्यामुळं हा घ्यायचा की नाही हे टायर बघून ठरत नाही. तुमची वाट बघून ठरतं. पोरी, वही उघड.”

मुलगी वाचत गेली. तात्यांनी खडूनं दुकानाच्या फरशीवर तीन रकाने आखले. डांबर, खडी-मुरूम आणि चिखल. प्रत्येक फेरीतलं अंतर दोघा भावांनी सांगायचं आणि ते ज्या त्या रकान्यात जायचं. जून वाचून झाला, जुलै झाला, दिवाळी आली, उन्हाळा आला. वर्षाची बेरीज झाली तेव्हा शंभर किलोमीटरमागं सत्तरच्या आसपास डांबर निघालं, वीसेक खडी आणि मुरूम, आणि चिखल दहाच्या आत, तोही पावसाळ्याच्या महिन्यांतच.

थोरल्याचा चेहरा उजळला. “मी म्हणत नव्हतो?”

“अजून खर्चाची पानं राहिलीत,” तात्या म्हणाले.

मुलीनं खर्च वाचायला घेतला. चिखलात रुतून ट्रॅक्टरनं ओढल्याची नोंद वर्षभरात एकदाच होती. पंक्चरच्या नोंदी बऱ्याच होत्या. आणि दोन ठिकाणी लिहिलं होतं, ‘टायरची साइड फाटली, नवा टायर’. दोन्ही वेळा गाडी थोरल्याच्या हातात होती. रस्त्याचं काम चालू असताना खडीवरून वळवलेल्या वाटेनं तो गेला होता. ते दोन टायर त्यानं नशिबाच्या खात्यावर टाकले होते आणि तो ते विसरून गेला होता. वहीत मात्र दोन्हींची किंमत लिहिलेली होती. ती बेरीज साधे टायर आणि एटी यांच्या किमतींतल्या फरकाहून जास्त भरली.

पुढं जुलैच्या पानावर आणखी एक नोंद होती. ‘राजूरच्या वाटेवर रंध्याच्या वळणावर बकऱ्या आडव्या आल्या. गाडी सरकत जाऊन कठड्याला लागली. बंपर आणि एक दिवा.’ त्या दिवशी गाडी धाकटा चालवत होता आणि मागं शाळेची सात पोरं होती. मुलगी वाचताना थांबली. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही.

“हे मी विसरलोच होतो,” तो शेवटी म्हणाला.

“विसरणारच,” तात्या म्हणाले. “कुणाला लागलं नाही, गाडी चालू राहिली, तू पुढं गेलास. श्रावणातली ती रात्र लांब होती, म्हणून मनात राहिली. हे वळण दोन क्षणांचं होतं. पण सात पोरांच्या जिवाचा प्रश्न या दोन क्षणांत होता. दरीच्या बाजूचा कठडा तुटला असता तर? आणि तेव्हा टायर निम्मे झिजले होते. त्या दिवशी बटण टायर असते, तर गाडी आणखी पुढं सरकली असती.”

मग ते थोरल्याकडं वळले. “आणि तू साइड फाटल्याचं विसरलास. दोघांनाही आपापल्या बाजूचं तेवढं आठवलं. वहीला बाजू नसते, म्हणून तुमच्या आईनं ती पाठवली.”

थोरला तरीही म्हणाला, “मग चिखलाची एकच नोंद आहे ना वर्षात? तेवढ्यासाठी कशाला बघायचं?”

“नोंद एक आहे, पण त्या नोंदीत बाळंतपणाची बाई आहे,” तात्या म्हणाले. “किती वेळा घडलं हे एक माप, आणि घडलं तेव्हा पणाला काय होतं हे दुसरं. नुसत्या पहिल्या मापानं बघितलं तर तुझे रोडचे टायर. नुसत्या दुसऱ्यानं बघितलं तर याचे बटणाचे. दोन्ही मापं लावली की उत्तर मधे येतं. आणि एटीमध्येही प्रकार आहेत. काही बटणाकडं झुकलेले, काही रस्त्याकडं. तुमचं सत्तर टक्के डांबर आहे, तेही ओलं आणि वळणांचं. तुम्ही चिरा जास्त असलेला, रस्त्याकडं झुकलेला घ्या.”

धाकट्यानं खाली बघत विचारलं, “तात्या, खरं सांगा. हे टायर असते तर त्या ओढ्यातून गाडी निघाली असती?”

टायर विकणाऱ्याला ‘हो’ म्हणणं सोपं होतं. तात्या म्हणाले, “नाही. गाडी मागच्या चाकांवर चालते. चिखल गुडघाभर होता, मागचा आक्सल जमिनीला टेकला होता. पोट टेकलं की कुठलाही टायर नुसता फिरतो. बटण टायरनंही तिथं खात्री देता आली नसती. त्या जागी टायर निवडायचा नसतो, थांबायची जागा निवडायची असते.”

मग खरेदीचं बोलणं निघालं. धाकट्याला अजून रुंद माप हवं होतं. तात्यांनी त्याला जुन्या टायरवरचे आकडे वाचायला लावले. “२१५/७५ आर १५. रुंदी २१५ मिलिमीटर, साइडची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि रिम १५ इंचांची. गाडीचे गिअर, ब्रेक, मीटर, सगळं या मापावर बेतलेलं आहे. चाक मोठं केलंस की मीटर वेग कमी दाखवेल, चढाला इंजिन दमेल, ब्रेकवर भार येईल आणि पुरं वळण घेताना टायर पत्र्याला घासेल. माप तेच ठेव.”

थोरल्याला वाटत होतं की मागं दोनच नवे टाकावेत आणि पुढं जुने चालवावेत. तात्यांनी मान हलवली. “पुढचे गुळगुळीत आणि मागचे खोल नक्षीचे असले तर ओल्या वळणावर पुढचं चाक ऐकणार नाही. चारही सारखे घ्या. स्टेपनीही त्याच मापाची. वाडीवर पंक्चर झाल्यावर वेगळ्या मापाची स्टेपनी लावून घाट उतरायची वेळ येऊ नये.”

मग त्यांनी मुलीला टायरवरची तारीख शोधायला सांगितली. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २६२१ असं असेल तर टायर २०२१ सालच्या सव्विसाव्या आठवड्यात बनलेला. “नक्षी नवी दिसते म्हणून टायर नवा असतोच असं नाही,” ते म्हणाले. “रबर पडून पडूनही कडक होतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. स्वस्तात मिळाला म्हणून जुना साठा उचलू नका.” मापाच्या पुढचा १०० हा आकडाही त्यांनी समजावला. त्याचा अर्थ, पुरी हवा असताना एका टायरवर ८०० किलोपर्यंत भार. “पुरी हवा असताना, हे विसरू नका,” ते दोनदा म्हणाले.

टायर चढले. निघताना तात्यांनी धाकट्याला बाजूला घेतलं. “आता हवेचं ऐक. दाराच्या चौकटीवर कंपनीची पाटी आहे, तिच्यावर लिहिलेली हवा डांबरासाठी. ती टायर थंड असताना मोजायची. चिखलाची वाट लागली की माणसं आणि ओझं उतरवून मागच्या चाकांची हवा तिसाची बावीस कर. आवणीच्या चिखलात माणूस पायाची बोटं पसरून उभा राहतो, तसा टायर पसरतो आणि भार जास्त जमिनीवर वाटला जातो. पण फार खाली नेलीस तर टायर रिममधून सुटेल. आणि त्या हवेवर हळू जायचं. डांबर आलं की आधी हवा भरायची, मग वेग. पंप गाडीत ठेव. फावडं, दोर आणि दोन फळ्या ठेव. टायर हा यातला एक भाग आहे, सगळं काम त्याच्यावर टाकू नकोस.”

पाऊस लागला. दर आठवड्याला धाकटा हवा मोजू लागला. खाचेत अडकलेली खडी रात्री काढू लागला, कारण ती आत रुतत गेली की टायरच्या कापडापर्यंत पोचते. आठएक हजार किलोमीटर झाले की पुढची चाकं मागं आणि मागची पुढं करायची, अशी आठवण त्यानं मुलीकडून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली. चारही टायर सारखे झिजावेत म्हणून. थोरल्यानंही टायरवरचा भार लक्षात ठेवून एक गोष्ट केली, आणि ती त्याला जड गेली. बाजारच्या दिवशीही तो जागेपेक्षा जास्त माणसं घेईना. पहिल्या आठवड्यात कमाई कमी झाली, आईनं ती तशीच लिहून घेतली.

आवणी चालू असताना एका रात्री अकराच्या सुमाराला फोन आला. श्रावणात गाडी रुतली होती, त्याच वाडीवरून. दिवसभर खाचरात वाकून आवणी करून जमिनीवर निजलेल्या एका बाईला मण्यार चावली होती. दोघं भाऊ निघाले. निघताना धाकट्यानं वाडीतल्या माणसांना फोनवर सांगितलं, “तिला चालवू नका, हलू देऊ नका. डोली बांधून ठेवा.”

डांबरावरून ते फाट्याला आले. खडी संपली तिथं धाकट्यानं गाडी थांबवली, उतरून मागच्या दोन चाकांची हवा कमी केली आणि पहिल्या गिअरमध्ये सावकाश पुढं निघाला. चिखलाच्या पहिल्या पट्ट्यात गाडी डावीकडं कलली, सावरली आणि पुढं सरकली. रोडच्या टायरवर इथंच चाक फिरलं असतं, हे दोघांनाही कळलं.

ओढ्याच्या अलीकडं मुरमाचा एक उंचवटा आहे. तिथून वाडीतला कंदील दिसत होता. ओढ्याला पाणी फार नव्हतं. धाकट्याच्या पायाखाली नवे टायर होते, आणि वर्षभर त्याच्या मनात हीच जागा होती. एकदा गाडी इथून पलीकडं नेली की मागच्या श्रावणाचं ओझं उतरलं असतं.

तो खाली उतरला. बॅटरी आणि काठी घेऊन ओढ्याच्या काठानं चालत गेला. काठी गुडघ्याएवढी आत गेली. दुसऱ्या जागी घातली, तिथंही तेवढीच गेली. तो परत आला आणि म्हणाला, “दादा, गाडी इथंच. मी तोंड फिरवून ठेवतो. तू पलीकडं जा, डोली घेऊन या.”

त्यानं मुरमावर गाडी वळवून तिचं तोंड रस्त्याकडं केलं. माणसं डोली खांद्यावर घेऊन ओढा उतरली. बाईच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या, पण ती बोलत होती. तिला मागच्या सीटवर आडवं ठेवलं, तिची सून उशाशी बसली, आणि गाडी आल्या वाटेनं परत फिरली. कुठं रुतली नाही.

डांबर लागलं तसा धाकट्यानं पुन्हा ब्रेक मारला आणि पंप काढला.

“वेळ जातोय,” थोरला ओरडला. “तसाच चल!”

“दोनच चाकं आहेत, चार मिनिटं लागतील. पुढं घाट ओला आहे, दादा. मऊ चाकांवर हळू गेलो तर याहून जास्त वेळ जाईल, आणि जोरात गेलो तर पोचूच असं नाही.”

चार मिनिटांत हवा भरली. मग त्यानं गाडीला वेग दिला, वळणांना झेपेल एवढाच. रंध्याच्या वळणाच्या अलीकडं वरून दरडीचे धोंडे रस्त्यात आले होते. उजेडात ते दिसले तेव्हा अंतर थोडंच होतं. त्यानं ब्रेक दाबला. गाडी आपल्या रेषेत राहिली आणि धोंड्यांच्या आधी हातभर अंतरावर थांबली. दोघांनी दोन धोंडे लोटून वाट केली आणि ते राजूरच्या ग्रामीण रुग्णालयात पोचले. बाई वेळेत आली, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांनी ती स्वतःच्या पायानं ओढा ओलांडून घरी गेली.

पुढं थोरला तात्यांना भेटला तेव्हा म्हणाला, “तात्या, टायरनं जीव वाचवला.”

तात्या म्हणाले, “टायरनं चिखलाचा पट्टा पार केला आणि वळणावर गाडी धरली, तेवढं श्रेय त्याचं. ओढ्यापाशी गाडी थांबवली तुझ्या भावानं. घाई असताना चार मिनिटं हवा भरली त्यानं. बाईला हलू दिलं नाही वाडीतल्या माणसांनी. मी दिला तो टायर यातल्या एखाद्या कामाला अपुराच पडला असता. तो कुठं अपुरा पडतो हे तुझ्या भावाला माहीत होतं, म्हणून तो पुरा पडला.”

तात्पर्य असं की कोणतंही साधन निवडताना आपलं मन आपल्यापुढं एखादीच वाट ठेवतं. कधी जिची भीती बसली ती, कधी जी सोयीची आणि स्वस्त ती. खरी वाट या दोन्हींपेक्षा लांब असते आणि तिच्यावर दोन्ही येतात. ती नीट कळायला तिचा हिशेब मांडावा लागतो. रोज काय घडतं ते एका बाजूला लिहावं, क्वचित घडणारं पण जिवावर बेतणारं दुसऱ्या बाजूला लिहावं, आणि दोन्हींना पुरेल अशी वस्तू घ्यावी. अशी वस्तू कुठल्याच एका कामात पहिली येत नाही. ती जिथं कमी पडते तिथली भर घालायचं काम तिच्या मालकाचं असतं. हवा मोजायची त्यानं, चालत जाऊन वाट बघायची त्यानं, आणि जिथून पुढं जाऊ नये तिथं थांबायचंही त्यानंच. विकत घेतलेल्या वस्तूबरोबर ही जबाबदारी येते. ती जो घेतो त्याची निवड खरी ठरते, आणि त्याच्या भरवशावर बसलेली माणसं घरी पोचतात.